‘ऑपोझिशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे : अर्थ, समानार्थी शब्द आणि निवडीची पद्धत

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ऑपोझिशन’ हा शब्द शोधला की पहिला प्रतिशब्द ‘विरोध’ मिळतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. वृत्तपत्राच्या राजकीय पानापुरते ते चालूनही जाते. मात्र हाच शब्द आकाशदर्शनाच्या माहितीपत्रकात, व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) कागदपत्रांत, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात किंवा क्रिकेटच्या समालोचनात आला, की ‘विरोध’ लावून केलेले वाक्य हास्यास्पद तरी होते, नाहीतर वरवर बरोबर दिसून अर्थाने चुकते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा असतो, कारण तो तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतो. अनुवाद, बातमीदारी, सरकारी पत्रव्यवहार किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी शब्दनिवडीची पद्धत पुढे क्रमाने मांडली आहे. प्रत्येक वेळी सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतील असे नाही. पुष्कळदा पहिल्याच पायरीवर उत्तर मिळते.

पहिली पायरी : समोर असणे की अडवणे, हे ठरवा

‘ऑपोझिशन’चे मूळ लॅटिन आहे. ‘ओब’ म्हणजे समोर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, यांतून ‘समोरासमोर ठेवणे’ हा मूळ अर्थ तयार झाला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो ग्रहगणिताच्या संदर्भात. सत्तेबाहेरचा राजकीय पक्ष हा अर्थ त्याला अठराव्या शतकाच्या आरंभी चिकटला. आपला ‘विरोध’ मात्र ‘रुध्’ या संस्कृत धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ अडवणे, रोखणे असा आहे. अवरोध, निरोध, प्रतिरोध हे सगळे त्याच कुळातले. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशी नुसती जागा आहे, तर मराठी शब्दाच्या मुळाशी कृती आहे. इंग्रजी वाक्यात दोन गोष्टी केवळ समोरासमोर असतील आणि कोणी कोणाला अडवत नसेल, तर ‘विरोध’ हा शब्द तिथे बसत नाही. सगळ्या निवडीचा पाया हा एकच प्रश्न आहे.

समोरासमोर असण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण खगोलशास्त्रात मिळते. पृथ्वीवरून पाहताना एखादा ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला, की इंग्रजीत तो ‘ऑपोझिशन’ला आला असे म्हणतात. मराठीत यासाठी ‘प्रतियुती’ हा नेमका आणि रुळलेला शब्द आहे. प्रतियुतीच्या सुमारास तो ग्रह सूर्यास्ताच्या वेळी उगवतो, मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर येतो, रात्रभर दिसतो आणि पृथ्वीच्या बराच जवळ असतो; म्हणून निरीक्षकांना ती पर्वणी वाटते. मंगळाची प्रतियुती सरासरी ७८० दिवसांनी, म्हणजे साधारण सव्वीस महिन्यांनी होते. ऑगस्ट २००३ मधील प्रतियुती मंगळ असाधारण जवळ आल्यामुळे जगभर गाजली होती. त्यानंतरची एक १६ जानेवारी २०२५ रोजी झाली. बुध आणि शुक्र यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्याने त्यांची सूर्याशी प्रतियुती कधीच होत नाही. त्यामुळे ‘शुक्राची सूर्याशी प्रतियुती’ असे वाक्य अनुवादात उतरले, तर मूळ मजकूर पुन्हा पाहावा. तिथे बहुधा युती (ग्रह आणि सूर्य एकाच दिशेला दिसणे) किंवा अन्य कोनाचा उल्लेख असतो. पत्रिकेच्या भाषेत मात्र एकशे ऐंशी अंशांच्या या संबंधाला ‘प्रतियोग’ म्हणण्याची पद्धत आहे. खगोलाच्या लेखात ‘प्रतियोग’ आणि ज्योतिषाच्या लेखात ‘प्रतियुती’ असे शब्द वापरले, तर अर्थ कळतो, पण त्या त्या विषयाच्या वाचकाला लिहिणारा बाहेरचा आहे हेही कळते.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना याच गटातले आणखी शब्द शाळेपासून माहीत असतात, फक्त ते ‘ऑपोझिट’चे प्रतिशब्द आहेत हे ध्यानात राहिलेले नसते. समांतरभुज चौकोनाच्या ‘संमुख’ भुजा एकरूप असतात. दोन रेषा छेदल्यावर होतात ते ‘विरुद्ध’ कोन. अधिक पाच आणि उणे पाच या एकमेकींच्या ‘विरुद्ध संख्या’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘ऑपोझिट’ आहे आणि मराठी परिभाषेने मात्र एकाच शब्दाला दोन वाटा करून दिल्या आहेत. वनस्पतींच्या वर्णनात एकाच पेरावर दोन बाजूंना येणारी पाने ‘समोरासमोर’ असतात आणि एकाआड एक येणारी ‘एकांतरित’. पत्त्यातले ‘ऑपोझिट पोस्ट ऑफिस’ म्हणजे साधे ‘पोस्टासमोर’. ‘पोस्टाच्या विरुद्ध’ लिहिले तर पोस्टाशी कोणाचे तरी भांडण असल्यासारखे वाटते.

काही जोडशब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागतात. परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या ‘ऑपोझिट नंबर’शी चर्चा केली, या वाक्यात कसलाही विरोध नाही, दुसऱ्या देशात तेच पद भूषवणारी व्यक्ती, म्हणजे ‘समपदस्थ’, एवढाच अर्थ आहे. ‘ऑपोझिट सेक्स’ला ‘भिन्नलिंगी’ म्हणावे. ‘अॅज ऑपोज्ड टू’ हा शब्दप्रयोग तर सापळाच आहे. त्याचा अर्थ ‘ऐवजी’, ‘नव्हे’ किंवा ‘च्या तुलनेत’ असा होतो. ‘लेखी परीक्षा, अॅज ऑपोज्ड टू तोंडी’ याचे मराठी ‘तोंडी नव्हे, लेखी परीक्षा’ असे होईल. ‘तोंडी परीक्षेच्या विरोधात लेखी परीक्षा’ असे छापलेले पाहण्यात येते आणि त्यातून काहीही बोध होत नाही.

बुद्धिबळातील ‘ऑपोझिशन’ ही याच कुळातली संज्ञा आहे. डावाच्या अखेरीस दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे राहतात तेव्हा ज्याची चाल असते त्याला बाजूला सरकावे लागते, म्हणून ज्याची चाल नसते त्याच्याकडे ‘ऑपोझिशन’ आहे असे मानतात. इथे ओढूनताणून मराठी शब्द घडवण्यापेक्षा खेळाडूंच्या तोंडचा शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. मैदानी खेळांत प्रश्न आणखी सोपा आहे : समालोचक ‘द ऑपोझिशन’ म्हणतो तेव्हा त्याला ‘प्रतिस्पर्धी संघ’ अभिप्रेत असतो. ‘विरोधी संघ’ चुकीचे नाही, पण खेळात अडवण्यापेक्षा स्पर्धा मोठी असते, म्हणून ‘प्रतिस्पर्धी’ अधिक शोभते.

दुसरी पायरी : भावना की संस्था, हे पाहा

समोरासमोर असण्याचा अर्थ बाजूला पडला, की दुसरा प्रश्न येतो. वाक्यातील ‘ऑपोझिशन’ ही एखाद्याची भूमिका आहे की लोकांचा संघटित गट? इंग्रजी लेखनात याची एक सोपी खूण आहे. संसदीय पक्षाच्या अर्थाने हा शब्द येतो तेव्हा पुष्कळदा त्याचे पहिले अक्षर मोठे असते आणि मागे ‘द’ हे उपपद असते. अशा जागी ‘विरोधी पक्ष’ किंवा ‘विरोधक’ लिहावे.

राजकीय अर्थाचा इतिहास थोडा रंजक आहे. १८२६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जॉन कॅम हॉबहाउस यांनी ‘महाराजांचा विरोधी पक्ष’ असा शब्द थट्टेच्या सुरात वापरला आणि सभागृहात हशा पिकला. मंत्री महाराजांचे असतील तर विरोधकही महाराजांचेच, ही त्यातली गंमत पुढे संसदीय लोकशाहीचे तत्त्व बनली. १९३७ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळू लागले. भारतात संसदेतील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्यानुसार सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी संख्येने सर्वांत मोठ्या पक्षाचा, आणि अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता दिलेला नेता, तो विरोधी पक्षनेता. त्याच वर्षी लोकसभेत हे पद यशवंतराव चव्हाणांकडे आले होते. म्हणून ‘लीडर ऑफ द ऑपोझिशन’चा अनुवाद ‘विरोधी पक्षनेता’ असाच, एक पदनाम म्हणून करावा. ‘विरोधकांचा नेता’ म्हटले की पद जाते आणि अनौपचारिक पुढारी उरतो. १६ व्या आणि १७ व्या लोकसभेत हे पद मान्यतेअभावी रिकामे होते, विरोधकांना नेते मात्र होते. हा फरक शब्दात जपला नाही तर बातमीच चुकते.

‘इन ऑपोझिशन’ या शब्दसमूहाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ते विरोधात आहेत’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात : ते सत्तेबाहेर आहेत, किंवा चर्चेतल्या प्रस्तावाला त्यांचा विरोध आहे. सत्तेबाहेर असलेला पक्ष एखाद्या विधेयकाला पाठिंबाही देतो, तेव्हा हा घोटाळा उघड होतो. पहिल्या अर्थासाठी ‘विरोधी बाकांवर आहेत’ हा रुळलेला प्रयोग हाताशी असताना संदिग्ध शब्द वापरण्याचे कारण नाही. त्याचबरोबर ‘अनऑपोज्ड’ला ‘बिनविरोध’ हा देखणा शब्द आहे, जो ग्रामपंचायतीपासून सभापतिपदापर्यंत सर्वत्र चालतो. वादविवाद स्पर्धांमध्ये ‘प्रपोझिशन’ आणि ‘ऑपोझिशन’ यांना काही संयोजक ‘पूर्वपक्ष’ आणि ‘उत्तरपक्ष’ म्हणतात. हे टाळावे. शास्त्रचर्चेच्या परंपरेत पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे, पुढे खोडून काढायचे म्हणणे. म्हणजे तिथे विरोधक आधी बोलतो. ‘अनुकूल बाजू’ आणि ‘प्रतिकूल बाजू’ हे शब्द पुरेसे आहेत.

तिसरी पायरी : विरोधाची जात ओळखा

आता खरा विरोध उरला. त्याच्यासाठी इंग्रजीत शब्दांची मोठी रांग आहे. त्यांना एका ओळीत ‘समानार्थी’ म्हणून पाठ करणे हा परीक्षार्थींचा आवडता उद्योग आहे, पण त्यातील कोणतेही दोन शब्द एकाच जागी निमूटपणे बसत नाहीत. विरोध मनात आहे, तोंडावर आहे, कागदावर आहे की कृतीत आहे, असे विचारत गेल्यास त्यांतला फरक स्पष्ट होतो.

‘ऑब्जेक्शन’ हा शब्द एखाद्या विशिष्ट मुद्द्याविषयी असतो. मराठीत त्याला दोन शब्द आहेत. विधानाच्या किंवा वर्तनाच्या योग्यतेवर बोट ठेवायचे असेल तर ‘आक्षेप’. एखादी गोष्ट होऊ देण्यास किंवा नोंदवण्यास मान्यता नाही असे सांगायचे असेल तर ‘हरकत’. नगररचनेच्या आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात, जमिनीच्या फेरफारावर हरकत घेतली जाते आणि ‘ना हरकत प्रमाणपत्र’ तर घरोघरी पोहोचलेले आहे. अरबी मुळाच्या या शब्दाचा तिकडचा अर्थ हालचाल असा आहे आणि गाण्यातल्या ‘हरकती’त तो अजून जिवंत आहे, कचेरीत येता येता तो हालचाल थांबवण्यापर्यंत पोहोचला.

‘डिसेंट’मध्ये मत वेगळे असते, अडवण्याची शक्ती असेलच असे नाही. बहुमताचा निर्णय लागू होतो आणि वेगळे मत नोंदवून ठेवले जाते. २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतील स्थानबद्धांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी एक निकाल दिला आणि न्या. हंसराज खन्ना यांनी ‘डिसेंट’ लिहिला. याचे मराठी ‘खन्ना यांनी निकालाला विरोध केला’ असे केले तर ते न्यायालयाबाहेरचे आंदोलक वाटतात. ‘भिन्न मत नोंदवले’ किंवा ‘असहमतीचा निकाल दिला’ हे योग्य आहे. समितीच्या अहवालातील ‘नोट ऑफ डिसेंट’साठी ‘भिन्नमतपत्रिका’ हा शब्द उपलब्ध आहे.

‘प्रोटेस्ट’ म्हणजे व्यक्त केलेला, दाखवलेला विरोध. शब्दांत असेल तर ‘निषेध’, रस्त्यावर असेल तर ‘निदर्शने’. या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, कारण मोर्चा, धरणे, ठिय्या, उपोषण, बंद, सभात्याग या प्रत्येकाचा प्रकार वेगळा आणि शब्द वेगळा आहे. इंग्रजी मजकुरात नुसते ‘प्रोटेस्ट’ असले तरी प्रत्यक्षात काय घडले ते शोधून त्या प्रकाराचे नाव लिहावे. सर्वांना ‘आंदोलन’ म्हणून मोकळे होण्याची सवय वाचकाची माहिती कमी करते.

‘रेझिस्टन्स’ला एक मराठी शब्द शोधू नये, तो विषयागणिक बदलतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात विजेच्या वहनाला होणारा अडथळा म्हणजे ‘रोध’, आणि पदार्थाचा त्यासंबंधीचा गुणधर्म म्हणजे ‘रोधकता’. शरीराच्या बाबतीत ‘रोगप्रतिकारशक्ती’, शेतीत तांबेऱ्याला ‘प्रतिकारक’ असलेला गव्हाचा वाण, आणि औषधांच्या बाबतीत प्रतिजैविकांना ‘दाद न देणारे’ जिवाणू. माणसांच्या बाबतीत ‘प्रतिकार’ हा शब्द वापरताना एक गोष्ट पाहावी. प्रतिकारात हल्ला किंवा दडपण आधीपासून असते आणि ते सोसणारा उलटून उभा राहतो. विरोध मात्र काही घडण्यापूर्वीही करता येतो. प्रस्तावित धरणाला विरोध होतो, घर पाडायला आलेल्या यंत्राचा प्रतिकार होतो. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’साठी ‘निःशस्त्र प्रतिकार’ हा शब्द मराठीत रूढ झाला. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या लढ्याला हे इंग्रजी नाव गांधीजींना अपुरे वाटले, कारण त्यात दुर्बलांचे हत्यार असा अर्थ घेतला जात होता आणि द्वेषालाही जागा राहत होती. त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या साप्ताहिकातून नवा शब्द सुचवण्याचे आवाहन केले, मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. म्हणून ‘सत्याग्रह’, ‘असहकार’, ‘सविनय कायदेभंग’ आणि ‘निःशस्त्र प्रतिकार’ यांना इतिहासाच्या लेखनात एकमेकांचे पर्याय मानू नये.

‘डिफायन्स’मध्ये आज्ञा असते आणि ती उघडपणे मोडली जाते, म्हणून त्याला ‘अवज्ञा’ किंवा संदर्भाप्रमाणे ‘धुडकावणे’ म्हणावे. ‘हॉस्टिलिटी’ आणि ‘अँटॅगोनिझम’ यांच्यात मन कलुषित झालेले असते. पहिल्यात आक्रमकता अधिक, दुसऱ्यात दोन बाजूंचे परस्परांशी न जमणे अधिक, म्हणून ‘शत्रुत्व’ आणि ‘वैमनस्य’ अशी विभागणी सोयीची ठरते. अनेकवचनी ‘हॉस्टिलिटीज’चा अर्थ मात्र ‘प्रत्यक्ष लढाई’ असा होतो. आणि न्यायालयात ‘विटनेस’ ‘हॉस्टाइल’ झाला, तर तो ‘शत्रू साक्षीदार’ होत नाही. मराठी वार्ताहरांनी त्यासाठी ‘फितूर’ हा अस्सल शब्द केव्हाच रूढ केला आहे.

एक नाव या यादीत अनेकदा चुकीने घुसते, ते म्हणजे ‘विरोधाभास’. विरोधाभासात विरोध नुसता भासतो, नीट पाहिले की तो मिटतो. अलंकार म्हणून त्याची ख्याती त्यामुळेच आहे. मंत्र्यांच्या दोन विधानांचा मेळ खरोखर बसत नसेल तर ती ‘विसंगती’ आहे. तिला विरोधाभास म्हणणे म्हणजे मंत्र्यांना नकळत निर्दोष ठरवणे होय.

चौथी पायरी : कायद्याचा कागद असेल तर परिभाषा तपासा

कायद्यात दोन जवळचे शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात आणि तिथे अनुवादकाला आपल्या कानावर भरवसा ठेवता येत नाही. व्यापारचिन्हाच्या नोंदणीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने शंका काढली की अर्जाची स्थिती ‘ऑब्जेक्टेड’ दिसते. अर्ज स्वीकारला जाऊन नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर बाहेरच्या कोणीही नोंदणीला हरकत घेतली की ती ‘ऑपोज्ड’ होते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम २१ नुसार ही दुसरी हरकत प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत घ्यावी लागते, आणि तिची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने आपले उत्तर दाखल केले नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे समजले जाते. दोन्ही स्थितींना मराठीत ‘हरकत’ लिहिले तर छोट्या उद्योजकाला आपण कोणाला, किती मुदतीत उत्तर द्यायचे आहे तेच कळणार नाही. म्हणून ‘ऑब्जेक्टेड’ला ‘परीक्षकाचा आक्षेप’ आणि ‘ऑपोज्ड’ला ‘त्रयस्थाची हरकत’ असे कर्त्यासह लिहिणे सुरक्षित आहे. १९७० च्या एकस्व (पेटंट) कायद्यातील कलम २५ मध्ये एकस्व देण्यापूर्वीची आणि दिल्यानंतरची अशी दोन प्रकारची ‘ऑपोझिशन’ आहे; तिथेही ‘पूर्व हरकत’ आणि ‘पश्चात हरकत’ यांत गल्लत होऊ देऊ नये. सरकारी कामासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आधी उघडावेत, आपली चव नंतर.

पाचवी पायरी : विभक्ती सांभाळा

नेमका शब्द सापडला तरी काम अर्धेच होते, कारण प्रत्येक शब्दाची विभक्ती आणि क्रियापद ठरलेले आहे. विरोध एखाद्या गोष्टी‘ला’ होतो. आक्षेप एखाद्या विधाना‘वर’ घेतला जातो. हरकत नोंदी‘ला’ किंवा नोंदी‘वर’ घेता येते. प्रतिकार हल्ल्या‘चा’ होतो, निषेधही घटने‘चा’ होतो. शत्रुत्व शेजाऱ्या‘शी’ असते. मज्जाव प्रवेश करण्या‘स’ केला जातो. विरोध ‘करतात’, ‘दर्शवतात’, ‘पत्करतात’ आणि कधी ‘मोडून काढतात’; आक्षेप मात्र ‘घेतात’ आणि ‘फेटाळतात’.

यातला ‘चा’ प्रत्यय सर्वांत फसवा आहे. ‘शेतकऱ्यांचा विरोध’ म्हणजे शेतकऱ्यांनी केलेला विरोध. ‘सरकारचा निषेध’ म्हणजे मात्र सरकारने केलेला नव्हे, सरकारविरुद्ध केलेला निषेध. तोच प्रत्यय एका ठिकाणी करणाऱ्याला दाखवतो आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याच्याविरुद्ध कृती आहे त्याला. त्यामुळे मूळ इंग्रजी वाक्यात ‘प्रोटेस्ट’ असताना संपादकाने ‘निषेध’ काढून ‘विरोध’ घातला आणि ‘चा’ तसाच ठेवला, तर ‘पोलिसांचा निषेध’ या मथळ्याचा ‘पोलिसांचा विरोध’ होतो आणि बातमी उलटी फिरते. इंग्रजीत हा फरक ‘ऑफ’ आणि ‘टू’ या शब्दयोगींवर उभा असतो : ‘ऑपोझिशन ऑफ’ म्हणजे त्यांचा, ‘ऑपोझिशन टू’ म्हणजे त्यांना. ‘निदर्शकांनी पोलिसांचा निषेध केला’ अशी पूर्ण क्रिया वापरली की संशयाला जागा उरत नाही, म्हणून मथळा सोडून इतरत्र नामाऐवजी क्रियापदाकडे वळावे.

इंग्रजी क्रियापदे तशीच ओढून आणण्याचा मोहही टाळावा. ‘प्रस्तावाला विरोधाचा सामना करावा लागला’ हे वाक्य मराठी शब्दांचे आहे, मराठी वळणाचे नाही. ‘प्रस्तावाला विरोध झाला’ एवढे पुरते. विरोध बराच आणि बराच काळ झाला असेल तर ‘कडवा विरोध झाला’, ‘विरोध सोसावा लागला’, आणि तो संपत आला असेल तर ‘विरोध मावळला’.

सहावी पायरी : मराठीतून इंग्रजीत जाताना

उलट्या प्रवासात आपल्या ‘ला’, ‘च्या विरुद्ध’ या सवयी इंग्रजीत शिरतात. ‘ऑपोज’ या क्रियापदापुढे काहीही लागत नाही. ‘वी ऑपोज द बिल’ हे पूर्ण आहे, ‘ऑपोज टू’ किंवा ‘ऑपोज अगेन्स्ट’ चूक. ‘आर ऑपोज्ड’ असे रूप आले की मात्र ‘टू’ लागतो. ‘रेझिस्ट’पुढे काही लागत नाही, ‘ऑब्जेक्ट’पुढे ‘टू’ लागतो आणि त्यानंतर क्रियापद आल्यास त्याला ‘इंग’ जोडावे लागते. ‘डिसेंट’नंतर ‘फ्रॉम’, ‘प्रोटेस्ट’नंतर ‘अगेन्स्ट’, ‘हॉस्टाइल’नंतर ‘टू’ किंवा ‘टुवर्ड्झ’. स्पर्धा परीक्षांत चूक ओळखण्याच्या प्रश्नांना यापैकी पहिली दोन उदाहरणे फार आवडतात.

बोलीतले शब्द कुठे वापरावे

औपचारिक मजकुरात विरोध, आक्षेप, हरकत यांनीच काम चालवावे. पण कथा, स्तंभ किंवा अनौपचारिक भाषण अनुवादित करताना मराठीकडे अधिक जिवंत साधने आहेत. काम थांबवण्याचा विरोध असेल तर ‘आडकाठी’, ‘खोडा घालणे’, ‘मोडता घालणे’. मैदानात उतरून केलेला असेल तर ‘दंड थोपटणे’ किंवा ‘शड्डू ठोकणे’. कायमचे न जमणारे दोघे असतील तर ‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ किंवा ‘छत्तीसचा आकडा’. शेवटचा शब्द तर देवनागरी अंकातच कळतो : ३६ मधील दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. इंग्रजीतला ‘ऑपोझिशन’ समोरासमोर उभा करतो आणि मराठीतले वैर पाठीला पाठ लावते, म्हणून हे शब्द ‘अँटॅगोनिझम’साठी चपखल आणि संसदीय ‘ऑपोझिशन’साठी अयोग्य आहेत.

सराव म्हणून एक परिच्छेद

समजा, इंग्रजी मजकुरात असे म्हटले आहे : नव्या बंदराला मच्छीमारांचे ‘ऑपोझिशन’ आहे; विधानसभेत ‘द ऑपोझिशन’ने हा विषय मांडला; बंदराच्या प्रस्तावित बोधचिन्हाविरुद्ध एका कंपनीने ‘ऑपोझिशन’ दाखल केले आहे; आणि त्याच रात्री किनाऱ्यावर जमलेल्यांनी ‘ऑपोझिशन’ला आलेला गुरू पाहिला.

पहिल्या वाक्यात कोणीतरी काही अडवत आहे, ते काम अद्याप झालेले नाही आणि विरोध करणारा गट मच्छीमारांचा आहे. म्हणून ‘नव्या बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे’ असे लिहावे. यात ‘ला’ ज्याला विरोध आहे त्याला आणि ‘चा’ करणाऱ्याला लागला आहे, हे पाहून घ्यावे. दुसऱ्या वाक्यात मोठे अक्षर आणि ‘द’ दोन्ही आहेत. ‘विरोधी पक्षाने विधानसभेत हा विषय मांडला’ हे बरोबर आहे, पण सत्तेबाहेर अनेक पक्ष असतील आणि सर्वांनी मिळून विषय मांडला असेल तर ‘विरोधकांनी’ किंवा ‘विरोधी पक्षांनी’ लिहावे लागेल, आणि ते इंग्रजी वाक्यावरून कळत नाही. सभागृहाचे कामकाज पाहूनच ठरवावे लागते. तिसऱ्या वाक्यात कंपनी त्रयस्थ आहे आणि कागद दाखल झाला आहे, त्यामुळे ‘नोंदणीला हरकत घेतली आहे’. चौथ्यात कोणीच कोणाला अडवत नाही : ‘प्रतियुतीत असलेला गुरू पाहिला’. इथे एक लहानशी पडताळणीही करता येते. गुरूच्या प्रतियुती सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात, तेव्हा मजकुरातली तारीख पंचांगाशी किंवा खगोलीय दिनदर्शिकेशी ताडून पाहावी, आणि ती जुळत नसेल तर मूळ लेखकालाच विचारावे.